नॅसकारचे प्रेक्षक पांगले की पांगवले?

२ नोव्हेंबर २०२५. अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सचा ट्रॅक, नॅसकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या वरच्या, म्हणजे कप मालिकेतली हंगामाची शेवटची शर्यत. डेनी हॅमलिन निम्म्याहून जास्त फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होता. वय चव्वेचाळीस, नावावर साठ शर्यतींचे विजय, पण वर्षाचं विजेतेपद एकदाही नाही. तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनच्या गाडीचा टायर गेला, गाडी भिंतीवर आदळली आणि सगळ्यांनी वेग कमी करावा म्हणून पिवळा झेंडा निघाला. पांगलेल्या सगळ्या गाड्या पुन्हा एका रांगेत आल्या. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, हॅमलिनने चारही टायर बदलले, काइल लार्सनने दोनच बदलून काही सेकंद वाचवले आणि उरलेल्या दोन-चार मिनिटांत तो हॅमलिनच्या पुढे राहिला. शर्यत जिंकली तिसऱ्याच माणसाने, रायन ब्लेनीने. वर्षाचं विजेतेपद मात्र लार्सनचं. त्या दिवशी त्याने एकही फेरी पहिल्या क्रमांकावर काढली नव्हती आणि मे महिन्यानंतर एकही शर्यत जिंकली नव्हती.

लार्सनला दोष देण्यात अर्थ नाही, तो नियमाने खेळला. नियमच असा होता की वर्षभरातल्या छत्तीस शर्यतींचा निकाल शेवटी एकाच दुपारी, चार ड्रायव्हरांमध्ये लागायचा. मला जास्त बोलकी वाटली ती जुन्या चाहत्यांची प्रतिक्रिया. थोडी चीड होती, पण त्याहून जास्त ‘हे असंच होणार होतं’ म्हणून टीव्ही बंद करणं होतं. चिडलेला चाहता पुढच्या रविवारी भांडायला तरी येतो. ज्याचं चिडणंच संपलं, त्याला परत कसा आणणार?

नॅसकारचे प्रेक्षक का घटले, याचं एक तयार उत्तर अमेरिकेत गेली पंधरा वर्षं फिरतं आहे: लोकांची आवड बदलली, तरुणांना गाड्यांचं वेड राहिलं नाही, मोबाइलच्या जमान्यात चार तास कोण बसणार. मला हे उत्तर पटत नाही. ज्या गोष्टींवर ही आवड उभी होती त्या शर्यत भरवणाऱ्यांनीच एकेक करून हलवल्या. कधीतरी येईल अशा नव्या प्रेक्षकासाठी त्यांनी घरातल्याला उठवलं.

आधी घसरण किती, ते पाहू. फ्लोरिडातली डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मोठी शर्यत. २००६ मध्ये तिला टीव्हीवर सरासरी १ कोटी ९४ लाख प्रेक्षक होते. २०२५ ला तो आकडा ६७ लाखांच्या आसपास होता. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या ट्रॅकची एक फेरी जेमतेम अर्ध्या मैलाची, पण भोवती दीड लाखाहून जास्त खुर्च्या. १९८२ पासून तिथल्या सलग ५५ शर्यतींची सगळी तिकिटं संपली होती. ही तिकिटं लोक मृत्युपत्रात लिहून ठेवायचे आणि घटस्फोटात त्यांच्यावरून भांडायचे, असं तिकडे अजून सांगतात. २०१० च्या मार्चमध्ये ती साखळी तुटली. पुढच्या वर्षांत अनेक ट्रॅकवाल्यांनी खुर्च्याच उपटून टाकायला सुरुवात केली. डेटोनाने ४० कोटी डॉलर खर्चून २०१६ मध्ये नवं स्टेडियम उभं केलं, आणि त्यात पूर्वीच्या दीड लाखाच्या जागी एक लाखभर खुर्च्या ठेवल्या.

पण हे आकडे थोडे सांभाळून वाचायला हवेत. २००६ ची उंची काही या खेळाची स्वाभाविक उंची नव्हती, ती सूज होती. २००१ मध्ये मोठा राष्ट्रीय टीव्ही करार सुरू झाला आणि त्या कराराच्या पहिल्याच डेटोना ५०० मध्ये, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट या लाडक्या ड्रायव्हरचा मृत्यू झाला. ज्यांनी कधी नॅसकार पाहिलं नव्हतं तेही पाहू लागले. जाहिरातदार रांगेत उभे होते, कर्ज स्वस्त होतं. शिवाय तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकन टीव्हीवरचं जवळपास सगळंच घटलं आहे. आणि ‘नॅसकार मेलं’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नाही: ज्या फॉर्म्युला वनचं अमेरिकेत एवढं कौतुक चालतं, तिच्या शर्यतीला तिथे सरासरी जेवढे टीव्ही प्रेक्षक मिळतात त्याच्या दुपटीच्या आसपास अजूनही नॅसकारला मिळतात.

तरी घसरण खरी आहे आणि मोबाइलने तिचा खुलासा होत नाही. त्याच देशात, तोच मोबाइल हातात असताना फॉर्म्युला वनचा प्रेक्षक वाढला. अमेरिकन फुटबॉलचा सामना तीन तासांहून जास्त चालतो, तो लोक अजून बघतात. २००८ ची मंदी आणि पेट्रोलचे भाव हे कारण जास्त खरं आहे, कारण नॅसकारचा चाहता मुळात कामगारवर्गातला. शेकडो मैल गाडी हाकत यायचं, मोटेलवाल्याने शर्यतीच्या आठवड्यात तिप्पट केलेलं भाडं भरायचं, हे त्याला त्या वर्षांत परवडेना. पण मंदी गेली, पगार सुधारले, आणि तो माणूस परत आला नाही. तो का आला नाही, हे विचारायला हवं.

मी उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट भागात राहतो. इथली बहुतेक मराठी कुटुंबं बँकांच्या आणि आयटीच्या नोकऱ्यांपायी आलेली. नॅसकारचे बहुतेक संघ याच शहराच्या भोवती, काँकर्ड, मूर्सव्हिल, वेलकम अशा गावांत आहेत. नॅसकारचं हॉल ऑफ फेम भर डाऊनटाऊनमध्ये, ऑफिसच्या वाटेवर. तरी आमच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळात हा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं: ‘त्या गोल गोल फिरणाऱ्या गाड्या ना?’ डावीकडे वळायचं आणि पुन्हा डावीकडे वळायचं, यात बघायचं काय, असा प्रश्न सुरुवातीला मलाही पडायचा. तो सुटायला एखादी शर्यत टीव्हीवर पाहून उपयोग नाही. ट्रॅकवर जावं लागतं.

तिथे गेल्यावर कळतं की ही जत्रा आहे. लोक दोन-तीन दिवस आधी येतात. कॅम्परगाड्या लागतात, शेगड्या पेटतात, ट्रॅकच्या आतल्या मैदानात अख्खं गाव वसतं. बर्फाचा डबा भरून स्वतःची बिअर स्टँडमध्ये न्यायला बहुतेक ठिकाणी आजही परवानगी आहे, जी अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या खेळात सहसा मिळत नाही. आणि शर्यत सुरू झाली की अर्ध्या लोकांच्या कानांवर जाड हेडफोन चढतात. आवाज सहन व्हावा म्हणून तर ते लागतातच, पण त्यांची वायर कमरेच्या स्कॅनरला जोडलेली असते. आपल्या ड्रायव्हरचा चॅनल लावायचा आणि तो आपल्या माणसांशी काय बोलतो ते थेट ऐकायचं. स्टँडच्या छपरावर उभा असलेला ‘स्पॉटर’ त्याचे डोळे असतो, कारण ड्रायव्हरला बाजूचं फारसं दिसतच नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात, दोन गाड्यांमध्ये वीतभर अंतर असताना, कानात सपाट आवाजात येत राहतं: ‘आत आहे... अजून आत आहे... दारापाशी... मोकळा.’ त्या ‘मोकळा’वर विश्वास ठेवून ड्रायव्हर न बघता गाडी खाली घेतो. हे एकदा ऐकलं की गोल गोल फिरणं गोल गोल राहत नाही.

पण हे कळायला वेळ लागतो. कोणाची गाडी लांबच्या पल्ल्यात सुधारते, कोण टायर जपतो, कोणाचं कोणाशी मागच्या वसंतात वाजलं होतं आणि आज कोण कोणाला सोडणार नाही, हे साठत जातं. जत्रेला माणूस जातो तो दरवर्षी त्याच तिथीला, त्याच देवाला. पाळण्याचा रंग बदलला तर कोणी काही म्हणत नाही. पण तिथी बदलली, देऊळ दुसऱ्या गावाला नेलं, तर लोक येणं सोडतात, आणि मग ‘श्रद्धा राहिली नाही’ म्हणून त्यांनाच बोल लावता येत नाही.

नॅसकारने नेमकं हेच केलं. दक्षिण कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनमध्ये १९५० पासून सदर्न ५०० ही शर्यत व्हायची, सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला. २००४ पासून ती सुट्टी डार्लिंग्टनकडून काढून लॉस एंजेलिसजवळच्या फाँटानाच्या ट्रॅकला दिली, कारण कॅलिफोर्निया ही मोठी बाजारपेठ. डार्लिंग्टनची शर्यत आधी नोव्हेंबरात ढकलली, मग तिचं नावही काही वर्षं गेलं. उत्तर कॅरोलायनातल्या रॉकिंगहॅमला २००४ मध्ये कप मालिकेची शेवटची शर्यत झाली. त्याआधी, १९९६ मध्ये, त्याच राज्यातल्या नॉर्थ विल्क्सबरोच्या दोन्ही शर्यती दोन धनिकांनी ट्रॅक विकत घेऊन टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला नेल्या. आणि हा ट्रॅक जिथे आहे तो विल्क्स साधासुधा जिल्हा नव्हे. दारूबंदीच्या काळापासून डोंगरातली हातभट्टी रात्रीच्या अंधारात, दिवे विझवून, पोलिसांच्या पुढे पळवणाऱ्या ज्या पोरांमधून हा खेळ उभा राहिला, त्यांचा तो मुलूख. ज्युनियर जॉन्सन तिथलाच. शर्यती ५० जिंकल्या, भट्टीपायी तुरुंगातही जाऊन आला आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

मोठ्या शहरात जाण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स यांनी १९४७ च्या डिसेंबरात डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली तीच मुळी धंदा बांधायला. पण धंदा म्हणूनही हिशेब चुकला. फाँटानाला ती लेबर डेची गर्दी कधी जमली नाही. लॉस एंजेलिसच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी करायला शंभर गोष्टी आहेत. डार्लिंग्टनच्या माणसाला वर्षातून तीच एक होती. शेवटी २०१५ मध्ये ती तारीख डार्लिंग्टनला परत गेली, फाँटानाच्या दोन मैलांच्या ट्रॅकवरची शेवटची शर्यत २०२३ मध्ये झाली. मधल्या अकरा वर्षांत किती घरांतली सवय मोडली त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची, म्हणजे अक्षरशः गुणांच्या हिशेबाची. १९७५ ते २००३ एकच गुणपद्धत होती. प्रत्येक शर्यतीत काही ना काही गुण, वर्षाअखेर बेरीज, ज्याची जास्त तो विजेता. २००३ मध्ये मॅट केन्सेथ वर्षभरात फक्त एक शर्यत जिंकून विजेता ठरला. त्याच वर्षी रायन न्यूमनने आठ जिंकल्या आणि तो सहावा आला. हे नीरस आहे असं टीव्हीवाल्यांना आणि नॅसकारचे तेव्हाचे प्रमुख, संस्थापकांचे नातू ब्रायन फ्रान्स यांना वाटलं. २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींसाठी आघाडीच्या ड्रायव्हरांचे गुण जवळजवळ सारखे करून नव्याने झुंज लावायची पद्धत आली. मग त्यात बदल, बदलात बदल. २०१४ मध्ये बाद फेऱ्या आणि एका दुपारचा अंतिम सामना. २०१७ मध्ये बहुतेक शर्यतींचे तीन तुकडे आणि तुकड्यांचे वेगळे गुण.

नशिबाची थट्टा बघा. एकच विजय मिळवणारा विजेता होऊ नये म्हणून सुरू झालेल्या या खटाटोपात, २०१४ च्या अंतिम चौघांत तोच रायन न्यूमन वर्षभरात एकही शर्यत न जिंकता पोचला आणि शेवटच्या शर्यतीत दुसरा आला. आणखी एक जागा पुढे असता तर विजेता होता! २०२४ मध्ये जोई लोगानो जिंकला तेव्हा त्याचा वर्षभरातला सरासरी क्रमांक सतराव्याच्या आसपास होता. आणि मग फीनिक्सची ती दुपार.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर माझा युक्तिवाद सोयीचा होईल. ३० ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिल. अर्ध्या मैलाचा, कागदाच्या पिनेच्या आकाराचा ट्रॅक. रॉस चॅस्टेन या कलिंगड पिकवणाऱ्या घरातल्या ड्रायव्हरला अंतिम चौघांत जायला दोन जागा कमी पडत होत्या आणि एकच फेरी उरली होती. शेवटच्या वळणांना सगळे ब्रेक दाबतात. त्याने ब्रेक सोडला, पाचवा गियर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला चिकटवली आणि पाय तळापर्यंत दाबून भिंतीच्याच आधाराने वळण घेतलं. पाच गाड्या मागे पडल्या. १८.८४५ सेकंदांची ती फेरी त्या ट्रॅकवर या गाड्यांनी काढलेली सगळ्यात वेगवान ठरली. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये ही युक्ती करायचो, असं त्याने नंतर सांगितलं. तो व्हिडिओ जगभर गेला, ज्यांना नॅसकार म्हणजे काय ठाऊक नाही अशा माझ्या पुण्यातल्या मावसभावानेही मला पाठवला. बाद फेरी नसती तर चॅस्टेनने हे केलं असतं का? नक्कीच नाही. म्हणजे या पद्धतीने नाट्य निर्माण केलं हे खरंच.

पण तो मावसभाव पुढच्या रविवारी शर्यत बघायला बसला नाही. लाखो लोकांनी ते पंधरा सेकंद पाहिले आणि पुढे सरकले. तीन महिन्यांनी नॅसकारने ती युक्ती सुरक्षेच्या कारणाने बंदही केली, तेही योग्यच. व्हायरल क्षण आणि चाहता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मिळवायला योगायोग पुरतो. दुसरा तयार व्हायला फेब्रुवारीतल्या शर्यतीचं मोल नोव्हेंबरात शिल्लक राहावं लागतं. जर सव्वीस शर्यतींनंतर पाटी जवळपास कोरी होणार असेल, तर मे महिन्यातल्या रविवारी मी घरी का बसू?

ओळख पुसली जाण्याचाही भाग आहे. अर्नहार्टची गाडी काळी, तीन नंबरची. रिचर्ड पेटीची त्रेचाळीस नंबरची, त्याच्या खास निळ्या रंगाची. वर्षानुवर्षं एकच प्रायोजक, एकच रंग. लांबच्या स्टँडमधूनही सहा वर्षांचं पोर बोट दाखवायचं. मग एकेक मोठी कंपनी निघून गेली आणि एका हंगामाचा खर्च एकट्याने पेलणारं कोणी उरलं नाही. आता तोच नंबर या रविवारी पिवळा, पुढच्या रविवारी हिरवा. संघांना दोष देता येत नाही, पण टीशर्ट विकत घेणाऱ्याने कोणता घ्यावा? गाड्यांचंही तेच. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ हे डेट्रॉइटचं जुनं ब्रीद. आज शेव्हरोले ट्रॅकवर कमारो पळवते, जिचं उत्पादन २०२३ च्या डिसेंबरात बंद झालं. २००७ मध्ये टोयोटा आली तेव्हा ‘परदेशी गाडी’ म्हणून काही चाहत्यांनी बोंब मारली. गंमत अशी की टोयोटाची कॅमरी केंटकीत बनत होती, आणि फोर्डची फ्यूजन मेक्सिकोत.

ही सगळी मांडणी वाचून कोणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सोनं. नाही. जुन्यात एक गोष्ट अशी होती जी फेकायलाच हवी होती. १९६३ च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर जिंकला, पण विजयाचा झेंडा आणि ट्रॉफी बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरला दिली गेली. काही तासांनंतर, लोक घरी गेल्यावर, गणना चुकल्याचं मान्य झालं. ती ट्रॉफी स्कॉटच्या घरच्यांना मिळाली २०२१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा झेंडा स्टँडमध्ये आणि कॅम्परगाड्यांवर सर्रास फडकायचा. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, बब्बा वॉलेस या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने उघड मागणी केल्यावर, १० जून २०२० रोजी नॅसकारने त्याला बंदी घातली. काही जुने चाहते त्यावरून गेले. जाऊ देत. माझ्यासारख्या सावळ्या माणसाने आपल्या मुलांना घेऊन अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकच्या मैदानात जावं की नाही, हा प्रश्न त्याआधी खराच होता. वॉलेसच्या गॅरेजमध्ये फासाच्या आकाराचा दोर सापडला तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून त्याची गाडी ढकलत रांगेच्या पुढे नेली. तो दोर आदल्या वर्षीपासून तिथे होता, त्याला उद्देशून नव्हता, असं एफबीआयने नंतर सांगितलं. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्याच टॅलाडेगात वॉलेस जिंकला, स्कॉटनंतर अठ्ठावन्न वर्षांनी कप मालिकेत जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर.

तेव्हा परंपरा म्हणून काय राखायचं हे निवडावं लागतं. डार्लिंग्टनची तारीख, विल्क्सबरोचा ट्रॅक, गुणांची सरळ बेरीज यांनी कोणाला दाराबाहेर ठेवलं नव्हतं. दक्षिणेच्या त्या झेंड्याने ठेवलं होतं. नॅसकारने पहिल्या गोष्टी वीस-तीस वर्षांपूर्वी बिनदिक्कत सोडल्या आणि झेंड्याला हात लावायला २०२० उजाडावं लागलं. नव्या प्रेक्षकाची एवढी ओढ होती तर क्रम उलटा हवा होता.

नव्या प्रेक्षकाबद्दलही थोडं. २०२३ ते २०२५ शिकागोच्या रस्त्यांवर शर्यत झाली. पहिल्याच वर्षी शेन व्हॅन गिसबर्गन या न्यूझीलंडच्या ड्रायव्हरने कप मालिकेतल्या पदार्पणातच ती जिंकली. पाहायला मजा आली, मलाही. पण तीन वर्षांत ती गुंडाळून सान दिएगोच्या नौदलतळावर नेली. म्हणजे शिकागोतल्या ज्या पोराला गोडी लागली असेल त्याची तिथी पुन्हा हलली. जुन्यांशी जे केलं तेच नव्यांशी. २०२५ पासून काही शर्यती अ‍ॅमेझॉन प्राइमवर गेल्या. तिथला प्रेक्षक टीव्हीवरच्या साठीपुढच्या प्रेक्षकापेक्षा काही वर्षांनी तरुण निघाला, ही खरी चांगली बातमी. तरुण मुलगा कुठून येतो याचं उत्तरही समोर आहे. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकणारा विल्यम बायरन (फीनिक्सला टायर फुटला तोच) लहान वयात घरच्या कॉम्प्युटरवर शर्यतींच्या सिम्युलेटरवर शिकून आलेला आहे.

आणि लोकप्रियता मोजण्याचा एक किस्सा आपल्याकडचा. २०१० मध्ये नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे पिकअप ट्रकच्या खालच्या मालिकेत, उतरला, तिथला पहिला भारतीय. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. हंगामात तो मोजक्याच शर्यती खेळला, तरी वर्षाअखेर त्या मालिकेतला ‘सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर’ ठरला तो, कारण मतदान ऑनलाइन होतं आणि आपल्याकडची माणसं मत द्यायला कधी मागे राहत नाहीत. कौतुक वाटलं, हसूही आलं. त्यातल्या किती जणांनी पुढच्या वर्षी एक तरी शर्यत पाहिली असेल? नॅसकारचे अधिकारी आजही ज्या आकड्यांवर खूश होतात, त्यातले बरेच या जातीचे असतात.

मुख्यालयातली माणसं आपल्या प्रेक्षकाला काय समजतात, याची एक झलक २०२५ च्या अखेरीस शार्लटच्या कोर्टात मिळाली. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या सहमालकीचा संघ आणि आणखी एक संघ यांनी नॅसकारवर मक्तेदारीचा खटला भरला होता. त्यात बाहेर आलेल्या खासगी मेसेजांमध्ये तत्कालीन आयुक्त स्टीव्ह फेल्प्स यांनी रिचर्ड चिल्ड्रेस यांना ‘मूर्ख रेडनेक’ म्हटल्याचं उघड झालं. चिल्ड्रेस म्हणजे अर्नहार्टच्या त्या काळ्या गाडीचे मालक. रेडनेक ही दक्षिणेतल्या गोऱ्या कष्टकऱ्यांना दिलेली जुनी शिवी, आणि नेमका हाच माणूस पन्नास वर्षं तिकीट काढून ट्रॅकवर येत होता. खटला तडजोडीने मिटला, फेल्प्स यांनी जानेवारीत पद सोडायचं ठरवलं. चाहत्यांना त्या मेसेजचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. वेळापत्रकातून तो त्यांना आधीच पोचला होता.

आता वारं थोडं फिरलं आहे, हे मान्य. नॉर्थ विल्क्सबरोचा गवत उगवलेला ट्रॅक दुरुस्त झाला, २०२३ मध्ये तिथे कप मालिकेच्या गाड्या पुन्हा धावल्या आणि २०२६ च्या वेळापत्रकात त्याला कप मालिकेची गुणांची शर्यतही मिळाली, १९९६ नंतर पहिल्यांदा. रॉकिंगहॅमला २०२५ मध्ये खालच्या मालिका परतल्या. विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक आहे, तिथे १९४९ पासून स्थानिक पोरं उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री गाड्या आपटत आली आहेत. लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये तीन वर्षं केलेली हंगामपूर्व शर्यत २०२५ मध्ये तिथे आणली, आणि स्टँड फुलून गेले. त्यासाठी बाजारपेठेचा अभ्यास करावा लागला नाही. आणि २०२६ पासून ती एका दुपारची फायनल रद्द झाली. शेवटच्या दहा शर्यतींची बेरीज परत आली, बाद फेऱ्या गेल्या, शर्यत जिंकण्याचं मोल वाढलं. मला पूर्ण हंगामाची सरळ बेरीज हवी होती. पण नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

प्रश्न एवढाच की हे किती दिवस टिकेल. पहिल्या वर्षी कोणीतरी तीन शर्यती आधीच विजेता ठरेल, टीव्हीचे आकडे दोन टक्क्यांनी खाली येतील आणि डेटोना बीचच्या कार्यालयात पुन्हा कोणीतरी सादरीकरण घेऊन उभं राहील. तेव्हा त्याला खाली बसवायला हवं. सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा टीव्ही करार २०३१ पर्यंत चालू आहे, पैसा येतच राहणार आहे. तोवर गुणपद्धतीला हात लावू नका, डार्लिंग्टनचा लेबर डे आणि ब्रिस्टलची रात्रीची शर्यत जिथे आहे तिथे ठेवा. आणि नव्या शहरात शर्यत नेलीच तर तिला किमान दहा वर्षं द्या, एक पिढी मोठी होईल एवढी.